सौंसरची वाट आणि तीन वाटाडे

गेल्या श्रावणात आम्हांस सहकुटुंब सौंसरास जाण्याचा योग आला. आमची थोरली बहीण तेथे दिलेली आहे. तिच्या नव्या सुनेची पहिली मंगळागौर होती, आणि आईने यंदा येणारच असे बजावल्यामुळे आगगाडीचा बेत मोडून पुण्याहून मोटारीनेच निघावे असे ठरले. मोटार म्हटली की वाटाड्याचा प्रश्न आलाच. आमच्या गाडीत त्या दिवशी एक सोडून तीन वाटाडे होते. पहिला कागदी नकाशा; म्हणजे वडिलांच्या काळचे रस्त्यांचे पुस्तक आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे, इंचास मैल या प्रमाणाचे, दोन जुने कागद. दुसरा समोरच्या काचेला चिकटविलेला. रस्ता दाखविण्याखेरीज दुसरे काहीच न करणारे उपग्रहाचे यंत्र, जे आम्ही २०११ साली मोठ्या हौसेने घेतले होते. तिसरा चिरंजीवांच्या हातातील फोन. या तिघांत कोणाचे ऐकावे यावर पुण्याची वेस ओलांडण्यापूर्वीच वाद जुंपला. आईचे मत चौथेच होते: काच खाली करावी आणि माणसाला विचारावे.

वाद घरगुती खरा. परंतु वकिली पेशामुळे आम्हांस त्यात निराळेच काही दिसू लागले. नकाशा ही एक साक्ष आहे. साक्षीदार उभा राहिला की आम्ही त्यास तीन गोष्टी विचारतो. तू हे स्वतः पाहिलेस काय, केव्हा पाहिलेस, आणि कोणाच्या कामासाठी पाहिलेस? आमच्या तिन्ही वाटाड्यांस हे प्रश्न लावून पाहावे असे मनात आले, आणि त्यासाठी सौंसरइतका सोयीचा मुलूख आम्हांस दुसरा ठाऊक नाही.

दुसऱ्या वाटाड्याची फजिती फार लवकर झाली. छत्रपती संभाजीनगरपाशी, ज्यास ते यंत्र व वडिलांचे पुस्तक दोन्ही अद्याप औरंगाबादच म्हणत होते, आम्ही समृद्धी महामार्गावर चढलो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि मुंबईपर्यंतचा सारा ७०१ किलोमीटरांचा रस्ता जून २०२५ मध्ये पुरा झाला. आमच्या यंत्राच्या पोटातील नकाशा त्याहून दहा वर्षांनी जुना. त्यामुळे पडद्यावर आमची गाडी कपाशीच्या शेतांतून, नाल्यांतून, लोकांच्या विहिरींवरून सुसाट धावताना दिसत होती, आणि आतली बाई दर मैलास "शक्य तेथे मागे वळा" असे विनवीत होती. शेवटी सौ.ने तिचा आवाज बंद केला. त्या बाईस खोटे बोलण्याची इच्छा नव्हती. तिने जे पाहिले होते ते २०११ साली खरेच होते.

मुक्काम नागपुरास करून सकाळी आम्ही उत्तरेस निघालो. हा रस्ता सावनेरला फाटतो. डावी वाट पांढुर्णा, मुलताई, बैतूल करीत भोपाळकडे जाते. उजवी वाट सौंसरावरून सातपुडा चढून छिंदवाड्यास पोचते. वडिलांच्या पुस्तकात डाव्या वाटेवर ६९ हा आकडा छापलेला, आणि रस्त्यावरील दगडांवर ४७. देशातील राष्ट्रीय महामार्गांस २०१० साली नवे क्रमांक देण्यात आले, तेव्हापासून जुनी पुस्तके वाचणाऱ्यांची अशी गल्लत होत आहे. उजव्या वाटेस आता ५४७ म्हणतात. यंत्रास सौंसर विचारले तर त्याने "जिल्हा छिंदवाडा" असे उत्तर दिले. फोनने "जिल्हा पांढुर्णा" असे सांगितले. दोघांचेही बरोबर, कारण ऑक्टोबर २०२३ पर्यंत हा मुलूख छिंदवाडा जिल्ह्यात होता, आणि त्यानंतर पांढुर्णा व सौंसर यांचा मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला.

या दोन्ही गावांचे नशीबच असे, की ती नेहमी कोणत्या ना कोणत्या नकाशाच्या कडेला येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, नागपूरच्या सपाटीस जोडून असलेला हा घाटाखालचा प्रदेश. माती कपाशीची व संत्र्याची, घरातली बोली मराठी, बाजार नागपूरचा. कचेरी मात्र घाटावर. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत बनला, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे नागपूर हीच साऱ्या प्रांताची राजधानी असल्यामुळे घाटावरचा जिल्हा आणि घाटाखालचा तालुका हा भेद कोणास फारसा जाणवला नसेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले, पुढे १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून महाराष्ट्राचा नकाशा सावनेरच्या पुढे पांढरा असतो आणि मध्य प्रदेशाच्या नकाशात हा भाग तळाच्या चौकटीस टेकलेला असतो. वडिलांच्या पुस्तकात सावनेर एका पानावर आणि सौंसर चाळीस पानांच्या पुढे आहे. दोहोंमधील अंतर तासाभराचेही नाही!

नावाचाही घोळ आहे. मराठीत कोणी सौंसर लिहितो, कोणी सौसर. मराठी पांढुर्णा हिंदीत पांढुर्ना होतो. आणि रोमन लिपीत गेल्यावर तर अनुस्वार कधी उरतो, कधी गळतो. कागदावर बोट ठेवणारास याची क्षिती नसते. यंत्रास मात्र अक्षर चुकले की गावच नाहीसे होते. आमच्या गोमंतकीय वाचकांस हा अनुभव घरचाच आहे. नुसते शांतादुर्गा असे फोनला विचारून पाहावे. तो अनेक देवळे पुढे करील. कवळे हवे की फातर्पे, हे विचारणारास आधीच ठाऊक असावे लागते. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास आले तेव्हा वाट ज्यांना ठाऊक होती, त्यांच्या डोक्यातच होती.

जुन्या काळी सर्वच मुलखांत असेच होते. अंतर कोसांत मोजीत, आणि कोस प्रांताप्रांतास निराळा असे. सर्वेक्षण विभाग आपला जन्म १७६७ सालचा मानतो. त्या साली जेम्स रेनेल यांस बंगालचे सर्वेक्षण-प्रमुख नेमण्यात आले. त्यांनी १७८२ मध्ये हिंदुस्थानचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला. परंतु जेथे कंपनीचा अंमल नव्हता तेथील अंतरे त्यांस प्रवाशांच्या व पलटणींच्या टिपणांवरूनच जुळवावी लागली, आणि कोसाची लांबी किती धरावी यावर त्यांस पाने खर्ची घालावी लागली. भोसल्यांचे राज्य तेव्हा असेच बाहेरचे होते. रस्त्याने चाक ढकलीत जायचे, चाकाचे फेरे मोजायचे, होकायंत्राने दिशा टिपायची, ही त्या वेळची रीत. ज्या वाटेने मोजणारा गेला ती वाट नकाशात येई. दोन वाटांमधला मुलूख कोराच राही.

हे चित्र ज्या माणसाने पालटले, त्याची माती याच बाजूस पडली आहे. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ च्या एप्रिलात मद्रासजवळ सेंट टॉमस माउंटपाशी सुमारे साडेसात मैलांची पायारेषा पोलादी साखळीने मोजली. त्या एका रेषेवर त्यांनी त्रिकोण रचला, त्याच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. एक बाजू साखळीने मोजलेली असली की पुढे साखळीची गरज नाही. टेकडीवरून टेकडीकडे नेम धरून कोन मोजीत जावे, बाकी सारे गणित. कोन मोजण्याचे त्यांचे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे. १८०८ मध्ये तंजावरास, आसपास टेकडी नाही म्हणून, ते यंत्र थोरल्या देवळाच्या शिखरावर चढवीत असता दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटून त्याचे चक्र वाकले. दुसऱ्या कोणी हात टेकले असते. लॅम्टन तंबूत बसून राहिले आणि सुमारे सहा आठवडे ठोकठोक करून त्यांनी ते पुन्हा कामास लावले. ज्या उंच देवळावर दुरून वाटसरूने आपली दिशा ठरवावी, त्याच देवळावरून साऱ्या देशाचे माप घेतले जावे, यात आम्हांस काहीतरी समर्पक वाटते. देवळाच्या दगडास त्या आपटण्याने काय वाटले ते निराळे.

त्रिकोणांची ही साखळी कन्याकुमारीपासून ७८ व्या रेखांशाच्या आसपास उत्तरेस सरकत गेली. १८१८ मध्ये या कामास महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले. सत्तरीच्या घरात पोचलेले लॅम्टन हैदराबादेहून नागपुराकडे निघाले असता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धेजवळ हिंगणघाट येथे वारले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. त्यांचे मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे चालविले. साखळी एलिचपूरच्या बाजूने नर्मदेकडे, आणि तेथून सिरोंजकडे गेली. पांढुर्ण्याहून पश्चिमेस तीसेक मैल गेले की तो ७८ वा रेखांश लागतो. म्हणजे पृथ्वीच्या आकाराचे एवढे मोठे माप आमच्या भावोजींच्या शेतापासून फार दूरवरून गेलेले नाही.

परंतु लॅम्टन हे सारे कोणासाठी करीत होते? वाटसरूसाठी खचित नव्हे. पृथ्वी गोल आहे, पण ध्रुवांकडे किती चपटी, हा त्यांचा प्रश्न. कंपनीस हवे होते लष्कराचे व महसुलाचे चौकटीत बसणारे नकाशे. वाटसरूच्या हाती जे आले ते त्या दोन गरजांचे उरलेले. एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी मापे बसविली, त्यांवरच भारतातील कागद विसावे शतक संपेपर्यंत छापले जात होते. फोनमधील गणित १९८४ च्या जागतिक मापांवर चालते. त्यामुळे फोनने सांगितलेले अक्षांश-रेखांश जुन्या इंचमैली कागदावर जसेच्या तसे मांडले तर या भागात शे-दीडशे मीटरांचा फरक पडतो. शेतजमिनीच्या तंट्यात एवढ्या फरकाने नाल्याच्या अलीकडचे घर पलीकडे जाते. आमचे एक अशील फोनवरील ठिपका दाखवून हद्द सिद्ध करू पाहत होते, त्यांस हे समजावून सांगताना आमची दुपार गेली.

आमच्याजवळचे दोन कागद भावोजींच्या वडिलांच्या कपाटातील. क्रमांक ५५ के/१० आणि ५५ के/१४. ही अक्षरे पाहून बिचकण्याचे कारण नाही. देश चार-चार अंशांच्या चौकटींत वाटलेला आहे. ५५ ही त्यांतली एक. तिचे सोळा भाग म्हणजे ए पासून पी पर्यंतची अक्षरे, प्रत्येक एक अंशाचा. आणि अक्षराचे पुन्हा सोळा कागद. एका कागदात साधारण सोळा-सतरा मैलांचा चौकोन मावतो. पांढुर्णा दहाव्या कागदाच्या पश्चिम कडेशी, आणि सौंसर चौदाव्याच्या पश्चिम कडेशी. म्हणजे येथेही कडच! दोन्ही कागद शेजारी लावून सांध्यावर बोट धरावे लागते. गाडीच्या पुढच्या आसनावर हे करून पाहिलेल्यास कागदी नकाशाचे गोडवे गाताना जरा जपून गावेसे वाटेल.

हे कागद सौंसरचे असल्यामुळे सहज मिळाले. किनाऱ्याच्या व सरहद्दीच्या रुंद पट्ट्यातील कागद मात्र कित्येक वर्षे प्रतिबंधित होते, आणि गोमंतकातील व कोकणातील माणसास आपल्याच गावाचा सरकारी नकाशा परवानगीवाचून पाहता येत नसे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक व लोकांसाठी दुसरी अशा दोन मालिका केल्या. २०१७ मध्ये, विभागास अडीचशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, लोकांच्या मालिकेतील बरेच कागद संगणकावर फुकट उपलब्ध झाले. आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांस पूर्वपरवानगीशिवाय नकाशे करण्याची मोकळीक मिळाली. या सवलती आल्या तेव्हा लोकांनी कागदाची घडी घालून ठेवूनही दिली होती, ही निराळी गोष्ट.

कायद्याने मात्र कागदाचा मान राखला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे ८३ वे कलम असे, की सरकारच्या अधिकाराने केलेला म्हणून जो नकाशा पुढे येईल तो तसाच केलेला व अचूक आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे. एखाद्या दाव्याच्या कामासाठी मुद्दाम करविलेला नकाशा मात्र अचूक असल्याचे सिद्ध करावे लागते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. आम्हांस हा भेद फार शहाणपणाचा वाटतो. नकाशा कोणाच्या कामासाठी झाला हे कायदा प्रथम विचारतो. फोनवरील नकाशास हे गृहीतक लाभत नाही. रस्त्यावरील प्रत्यक्ष स्थिती निराळी असू शकते, असे तो स्वतःच आपल्या अटींत बारीक अक्षरांत सांगून मोकळा होतो.

आता यंत्र आणि फोन यांविषयी थोडे. पुष्कळांची समजूत अशी असते, की रेंज गेली की उपग्रहही गेला. तसे नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेले जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अहोरात्र वेळेचे संकेत पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की ते पोचण्यास किती वेळ लागला यावरून यंत्र आपली जागा काढते. यास टेलिफोनच्या मनोऱ्याची गरज नाही, पैसे नाहीत, आणि यंत्र उपग्रहास काही कळवीतही नाही. ही मूळची लष्करी सोय. १९८३ मध्ये कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले व पाडले गेले, त्यानंतर अमेरिकेने ती नागरिकांस खुली करण्याचे जाहीर केले. तरी नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे शंभर मीटरांपर्यंत फसगत होई. २ मे २००० रोजी ती भेसळ थांबली. मोटारीत बसवायच्या यंत्रांचा खरा बाजार त्यानंतर फुलला. आपल्याकडे १९९५ पासून संगणकी नकाशे करणाऱ्या मॅपमायइंडियासारख्या संस्थेनेही अशी यंत्रे आणली होती.

तेव्हा फरक उपग्रहाचा नसून नकाशा कोठे ठेवला आहे याचा आहे. काचेवरच्या यंत्रात तो पोटात असतो. रेंज असो वा नसो, चित्र दिसतेच, पण विकत घेतलेल्या दिवशीचे. फोन नकाशा दर वेळी दुरून मागवितो. म्हणून ताजा, पण रेंज गेली की कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका एकटाच चालत राहतो. सौंसरच्या वर सिल्लेवानीच्या घाटात आमच्या भाच्याने हा ठिपका पुष्कळदा पाहिला आहे. यावर उपाय सोपा: निघण्यापूर्वी घरीच तेवढ्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. असे केले की यंत्राचा मुख्य गुण फोनमध्ये येतो, आणि म्हणूनच यंत्रांचा धंदा बसला. ज्यांचा फोन ऊन लागून तापतो वा ज्यांस चालविताना फोन वाजलेला नको, अशा मोजक्या लोकांस अजूनही ती सोयीची वाटतात. चालकाने फोन हातात धरणे गुन्हाच आहे. २०२० च्या नियमदुरुस्तीने केवळ वाट पाहण्यापुरता, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, त्याचा वापर करण्यास मुभा दिली आहे.

आम्ही सावनेरहून डाव्या वाटेस लागलो होतो, कारण भावोजींच्या आत्याबाईंस पांढुर्ण्याहून बरोबर घ्यावयाचे होते. त्यांच्या घरी जेवण, मग वामकुक्षी, मग चहा, यांत दिवस कलला. पांढुर्ण्याहून सौंसर सरळ रेषेत सव्वीस-सत्तावीस किलोमीटर पूर्वेस. नेहमीचा आडवा रस्ता सर्वांच्या माहितीचा; जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीस जाणारे लोक शनिवारी त्या बाजूने गर्दी करतात. परंतु निम्म्या वाटेवर फोनने एक आतली वाट दाखविली आणि नऊ मिनिटे वाचतील असे सांगितले. पाऊस नुकताच थांबला होता. आत्याबाई म्हणाल्या, "त्या वाटेनं आमचे लोक जात नाहीत." त्यांचे कारण विचारावे एवढेही आम्हांस सुचले नाही. नऊ मिनिटांचा मोह वाईट!

चार-पाच किलोमीटरांवर डांबर संपले. पुढे उतार, आणि उताराच्या तळाशी दिव्यांच्या झोतात पाणी चकाकले. गाडी थांबविली. रस्ता पाण्यात शिरून पलीकडे निघत होता, एवढे दिसत होते. पाणी गुडघाभर की पुरुषभर, ते कळत नव्हते. फोनवरची निळी रेघ मात्र त्या पाण्यावरून सरळ, निर्मळ पलीकडे गेलेली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तो तर अजून सरळच जायला सांगतोय." इतक्यात बैल हाकीत एक शेतकरी मागून आला. "काहून जी, तिकडं कुठं चालले? रपट्यावरून पानी वाहून रायलं. काल एक मोटरसायकल गेली वाहून. मागं फिरा जी." सिमेंटचा ठेंगणा, कठड्याविना बांधलेला ओलांडा म्हणजे त्या भागातला रपटा; पावसाळ्यात त्यावरून पाणी जाऊ देण्यासाठीच तो बांधलेला असतो. आईने काही म्हटले नाही. तिने काच खाली केलेलीच होती.

गाडी वळविण्यापूर्वी आम्ही आतला दिवा लावून कागद क्रमांक दहा उघडला. त्यात ती वाट होती. तुटक रेघांची, म्हणजे कच्ची. तीवर आडवा निळा नाला होता, आणि ओलांड्याच्या जागी पुलाची खूण नव्हती. कागदाच्या तळाशी खुणांची यादी असते. तीत खांबांचा पूल, बिनखांबांचा पूल, रपटा, पायउतार अशा निरनिराळ्या खुणा दिलेल्या असतात, कारण मोजणी करणारास पलटणीच्या तोफा पलीकडे नेता येतील की नाही हे सांगावयाचे असे. त्या कागदावरचा जिल्हा खोटा ठरला आहे, महामार्ग नाही, आणि सौंसरावरून जाणारी जी छोट्या रुळांची आगगाडी त्यात रेखली आहे ती २०१५ मध्ये बंद होऊन तेथे आता मोठे रूळ आहेत. नाला तेवढा खरा निघाला. आणि तो कागद साऱ्या वाटेत आमच्या मांडीशेजारीच होता! दोष फोनचा जितका, त्याहून आमचा अधिक. त्यास आम्ही कमी वेळेची वाट विचारली होती. पाण्याविषयी विचारलेच नव्हते. तो कोणत्या कंपनीचा नकाशा, हे येथे अप्रस्तुत आहे.

आम्ही वाचलो, म्हणून ही गोष्ट गमतीने सांगता येते. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ पुण्याहून निघालेली एक मोटार रात्री फोनच्या सांगण्यावरून अशा पुलावर गेली, जो पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्याखाली बुडालेला होता. एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीच्या बाजूस रामगंगेवरील अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे दगावले. तेव्हा बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदविण्यात आला आणि नकाशा पुरविणाऱ्या कंपनीकडेही बोट दाखविले गेले. उत्तरदायित्व कोणाचे? रस्ता बंद असता आडवा अडथळा न घालणाराचे, हे आमच्या मते पहिले उत्तर. पण गाव जेव्हा आपल्या रपट्यावर दोन दगड आडवे ठेवते, तेव्हा ती खबर फोनपर्यंत कोण पोचविणार? तेथे फार गाड्या जात नाहीत, म्हणून तेथील वर्तमान फोनलाही ठाऊक नाही. शहरातील कोंडी तो घटकेत ओळखतो, ती हजारो फोन एका जागी खोळंबलेले दिसतात म्हणून. आडवाटेवर त्यास साक्षीदारच नसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, त्या दिवशी तिकडून जाऊ नये, हे तर पंचांगाखेरीज कोणताच वाटाडा आगाऊ सांगत नाही.

तेव्हा निवड कशी करावी, असे कोणी आम्हांस विचारले तर आमचे मत असे. निघण्याच्या आदल्या रात्री कागद पसरून बसावे. कोणत्या नद्या ओलांडायच्या, घाट कोठे, अंधार पडेल तेव्हा आपण कोठे असू, हे तळहाताएवढ्या पडद्यावर कळत नाही. त्यावर पुढचे वळण तेवढे दिसते. वाटेत फोन लावावा, भाग आधी उतरवून घेऊन. शहरातून बाहेर पडणे, पेट्रोलचा पंप, कोंडी, यांत त्याला तोड नाही, आणि नवा रस्ता जुन्या कागदावर कधीच सापडणार नाही. परंतु पावसाळ्यात डांबर सोडून आत वळण्याची त्याची सूचना, कितीही मिनिटे वाचोत, मानू नये. काचेवरचे यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्याचा नकाशा दरवर्षी नवा करून घ्यावा. नसेल त्यांनी नव्याने घेण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. आमचे आम्ही परत आल्यावर शेजारच्या मुलास खेळावयास दिले.

त्या रात्री उशिरा, मूळच्या आडव्या रस्त्याने, आम्ही सौंसरास पोचलो. दुसऱ्या दिवशी मंगळागौरीची पूजा झाली, आणि मुलींचे खेळ चालू असता भावोजींनी तो दहा नंबरचा कागद मागून घेतला. चष्मा लावून बराच वेळ पाहिला, मग शिसपेन्सिलीने तीन ठिकाणी "पूल झाला" असे लिहिले, एका गावाजवळ "वाट मोडली" असे लिहिले, आणि आमच्या नाल्यावर, "रपटा. आषाढ ते भाद्रपद जाऊ नये. पलीकडच्या बाजूस विचारण्यास घर नाही." आम्ही त्याखाली तारीख घालून त्यांची सही घेतली.

परतताना आई पुढे बसली.